'उघडे' आणि 'बंद' : इलेक्ट्रॉनिक हाय-हॅटच्या सूचनापत्रांची भाषा

वाद्याबरोबर पेटीतून येणारे सूचनापत्र हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, असे मानण्याची आपल्याकडे रूढी नाही. परीक्षण होते ते काव्याचे, कादंबरीचे, फार तर एखाद्या व्याकरणग्रंथाचे. परंतु ज्या गद्यावर वाचणाऱ्याची पुढची कृती सर्वस्वी अवलंबून असते, त्यातील संदिग्ध शब्द काव्यातील संदिग्धतेप्रमाणे शोभादायक ठरत नाही. तो प्रत्यक्ष हानी करतो. इलेक्ट्रॉनिक ड्रमसंचातील हाय-हॅटची उभारणी, जुळवणी व निगा ह्यांविषयीच्या सूचनापत्रांत अशी हानी करणारे दोन शब्द आहेत : 'उघडे' आणि 'बंद'. ह्या शब्दांचा व्यवहार तपासणे, तो कोठे फसतो हे दाखविणे, आणि मराठीत असे सूचनापत्र लिहावयाचे झाल्यास कोणती भाषा वापरावी ह्याची दिशा सुचविणे, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

प्रथम मूळ धातूच्या वाद्याचा विचार केला पाहिजे. उभ्या दांड्यावर समोरासमोर तोंडे करून बसविलेल्या दोन झांजा, असे त्याचे स्वरूप आहे. खालची झांज स्थिर असते. वरची दांड्याला क्लचने जखडलेली असते. तळाशी पायाचे पेडल असते. पेडल दाबले की वरची झांज खाली येऊन खालचीला भिडते. सोडले की स्प्रिंग तिला पुन्हा वर उचलते. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ड्रमवादकांनी ही जोडी प्रथम वापरली ती जमिनीलगत, केवळ पायाने वाजविण्यासाठी. त्या दशकाच्या अखेरीस दांडा उंच झाला आणि झांजा काठीच्या टप्प्यात आल्या. त्या काळच्या चार्ल्स्टन नृत्याची खूण फ्रेंच भाषेने आजही जपली आहे. फ्रेंच वादक ह्या उपांगाला नृत्याचेच नाव देतो. १९३० च्या दशकात काउंट बेसी ह्यांच्या वाद्यवृंदातील जो जोन्स ह्यांनी तालाचा अखंड प्रवाह हाय-हॅटवर तोलून धरला, आणि हे उपांग दुय्यम राहिले नाही.

ह्या वादनाचे मर्म हातापेक्षा पायात अधिक आहे. पाय घट्ट दाबलेला असता काठीचा आघात आखूड आणि कोरडा उमटतो. पाय पूर्ण सोडला तर झांज दीर्घकाळ निनादत राहते. ह्या दोन टोकांच्या मध्ये, पावलाचा भार किंचित हलका केला असता, दोन्ही झांजांच्या कडा एकमेकींवर घासत राहतात आणि एक सळसळता नाद निर्माण होतो. त्या सळसळीच्याही अनेक छटा आहेत. पायाचा भार, झांजांतील फट आणि कानी येणारा नाद ह्या तिन्हींचे नाते येथे निसर्गाने बांधलेले आहे. भार बदलला की फट बदलते, फट बदलली की नाद बदलतो. म्हणूनच धातूच्या वाद्याविषयी बोलताना 'बंद' हा एकच शब्द तिन्हींना लावला तरी काही बिघडत नाही. शब्द संदिग्ध असला तरी वस्तू त्याची संदिग्धता झाकून घेते.

इलेक्ट्रॉनिक हाय-हॅटमध्ये हे नाते तुटते. तेथे झांज स्वतः निनादत नाही. रबराने मढविलेल्या पॅडवर काठी पडली की आघाताची नोंद एक संवेदक घेतो. पेडलची किंवा पॅडच्या उंचीची नोंद दुसरा संवेदक घेतो. ह्या दोन नोंदी केबलमधून मॉड्यूलकडे जातात आणि तेथे साठविलेल्या नादांपैकी योग्य तो नाद निवडला जातो. पायाचा भार आणि ऐकू येणारा नाद ह्यांमध्ये आता एक मोजणी आणि एक निवड उभी आहे. कोणत्या मोजणीला कोणता नाद द्यावयाचा हे निसर्ग ठरवीत नाही, करार ठरवितो. सोस्यूर ह्यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथापासून भाषाभ्यासात रूढ झालेल्या परिभाषेत सांगावयाचे तर, धातूच्या वाद्यातील संबंध सहज आहे आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यातील संबंध यादृच्छिक, म्हणजे संकेताने ठरलेला आहे. प्रस्तुत विवेचनाचा सारा भार ह्या एका भेदावर आहे. इलेक्ट्रॉनिक हाय-हॅटची उभारणी म्हणजे संकेताची स्थापना होय, आणि त्याची निगा म्हणजे त्या संकेताचे रक्षण होय. सूचनापत्रे मात्र ती एक यांत्रिक जोडणी असल्याप्रमाणे लिहिली जातात.

हा संकेत प्रारंभी द्विपदी होता. रोलंड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ ह्या तालयंत्रात 'बंद हाय-हॅट' आणि 'उघडे हाय-हॅट' असे दोन स्वतंत्र नाद होते. उघडा नाद चालू असता बंद नाद आला की पहिला तत्काळ तुटे. दोन पदे आणि त्यांतील परस्परविरोध, एवढीच ती व्यवस्था होती. १९८३ साली वाद्यांच्या परस्परसंवादासाठी मिडी ही पद्धती प्रचारात आली, आणि १९९१ च्या जनरल मिडी नियमावलीने तालनादांना क्रमांक नेमून दिले. त्यांत ४२ म्हणजे बंद हाय-हॅट, ४४ म्हणजे पायाने वाजविलेले हाय-हॅट, ४६ म्हणजे उघडे हाय-हॅट. ह्या व्यवस्थेचा गुण नाकारता येणार नाही. एका कंपनीच्या यंत्रावर नोंदविलेला ताल दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर ओळखता येईल असा वाजू लागला. वर्णमालेने उच्चारांच्या असंख्य छटांतून मोजकी अक्षरे निवडली म्हणूनच लेखन शक्य झाले; तसेच हे झाले.

परंतु अक्षर म्हणजे उच्चार नव्हे. मिडीमध्ये पेडलची स्थिती सांगण्यासाठी ४ क्रमांकाचा स्वतंत्र नियंत्रक आहे आणि त्याची मूल्ये ० ते १२७ अशी, म्हणजे १२८ पायऱ्यांची, असतात. दोन पदांची भाषा आणि १२८ पायऱ्यांची मोजणी ह्या दोन्ही गोष्टी एकाच वाद्यात एकाच वेळी नांदत आहेत. शिवाय त्या पायऱ्यांची दिशाही सर्वत्र सारखी धरली जात नाही. एका यंत्रात शून्य म्हणजे पूर्ण सुटलेला पाय, तर दुसऱ्यात नेमके त्याच्या उलट. म्हणूनच ध्वनिनिर्मितीच्या संगणकप्रणालींत ही दिशा उलटविण्याची सोय ठेवावी लागते. एकच चिन्ह दोन बोलींत परस्परविरुद्ध अर्थाने वापरले जावे, त्यातलाच हा प्रकार होय.

आता सूचनापत्रांकडे वळू. त्यांत 'बंद' हा शब्द निदान चार निरनिराळ्या वस्तूंना लावलेला आढळतो. एक, पावलाची स्थिती : पेडल दाबलेले आहे. दोन, पॅडांची स्थिती : वरचे पॅड खालच्यावर टेकलेले आहे. तीन, संवेदकाचे वाचन : मॉड्यूलच्या पडद्यावरील खूण ठराविक मर्यादेपलीकडे गेलेली आहे. चार, नाद : आखूड आणि कोरडा आवाज येत आहे. धातूच्या वाद्यात ह्या चारांपैकी तीनच संभवतात आणि ती एकमेकांना सोडून जात नाहीत. इलेक्ट्रॉनिक वाद्यात चारही एकमेकांपासून सुटू शकतात. पॅड टेकलेले असून नाद लांब येऊ शकतो. पाय सैल असून मॉड्यूल 'बंद' वाचू शकते. जुळवणी म्हणजे ही चार जुळवून आणणे होय. अशा वेळी चारांनाही एकच शब्द वापरणारे सूचनापत्र ज्या क्रियेचे वर्णन करते, त्या क्रियेचे प्रयोजनच पुसून टाकते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. स्टँडवर बसणाऱ्या हाय-हॅटची शून्यस्थिती मॉड्यूलला एकदा शिकवावी लागते. काही जातींत त्यासाठी क्लच सैल करून वरचे पॅड स्वतःच्या भाराने खाली टेकू द्यावयाचे असते आणि त्या वेळी पेडलला वा पॅडला स्पर्श करावयाचा नसतो. अन्य जातींत ह्याउलट, पाय दाबून धरावयाचा असतो. दोन्ही प्रकारच्या सूचनांचा मराठीत सरधोपट अनुवाद 'हाय-हॅट बंद करा' असाच होईल. पहिल्या जातीचे पॅड ज्याच्यापुढे आहे त्याने 'बंद करा' ह्याचा अर्थ 'पाय जोराने दाबा' असा घेतला, तर जोराने दाबलेली स्थिती हीच 'बंद' म्हणून नोंदली जाईल. पुढे वाजविताना नेहमीच्या सहज भाराला ती मर्यादा गाठता येणार नाही, आणि प्रत्येक बंद आघातामागे नको असलेली सळसळ रेंगाळत राहील. उलटपक्षी, दाबून धरण्याची अपेक्षा असता नुसते टेकू दिले, तर 'बंद' फार लवकर येईल. टेकलेले आणि घट्ट दाबलेले ह्यांतील भेद नाहीसा होईल, आणि मधल्या छटांचा पट्टा आखडून जाईल. दोन्ही प्रसंगी वाद्यात दोष नाही. दोष एका क्रियापदात आहे.

ह्याचा भुर्दंड नवशिक्याला पडतो. त्याचा पाय अजून तयार झालेला नसतो. म्हणून सळसळ आली तर तो ती स्वतःच्या पायाची उणीव समजतो आणि घोट्यात वाजवीपेक्षा अधिक जोर आणू लागतो. ही सवय लागली की सुटण्यास कठीण. किंवा तो वाद्य सदोष ठरवून दुसरे विकत घेतो, आणि तीच संदिग्ध सूचना वाचून तीच चूक पुन्हा करतो.

मग मधल्या छटांना शब्द कोठून आणावयाचे? 'अर्धे उघडे' हा सूचनापत्रांतील शब्द अपुरा आहे. कारण तो दोन टोकांच्या बरोबर मध्यावर एकच बिंदू कल्पितो. वस्तुतः संस्कृत वर्णोच्चारशास्त्रात ह्याहून सूक्ष्म विचार फार पूर्वीच झालेला आहे. मुखातील करण आणि स्थान ह्यांतील अंतरावरून तेथे आभ्यंतर प्रयत्नांचे भेद केले आहेत : स्पृष्ट, ईषत्स्पृष्ट, ईषद्विवृत, विवृत आणि संवृत. क्, त्, प् हे स्पृष्ट, म्हणजे पूर्ण भिडण्यातून होणारे. श्, ष्, स् हे ऊष्म वर्ण ईषद्विवृत, म्हणजे किंचित राखलेल्या फटीतून होणारे. स्वर विवृत. हाय-हॅटच्या बाबतीत हे साम्य केवळ अलंकारिक नाही. भिडलेल्या झांजांचा आखूड नाद स्पर्शवर्णाच्या जातीचा, किंचित फटीतील सळसळ ऊष्मवर्णाच्या जातीची, आणि मोकळा निनाद स्वराच्या जातीचा आहे. तोंडाने ताल म्हणून दाखविणारा वादक ह्या ठिकाणी अनुक्रमे 'टि' आणि 'त्स' अशांसारखे ध्वनी काढतो, तो ह्या वर्गीकरणाचे नाव न घेता त्याचाच अवलंब करीत असतो.

ह्याच परंपरेतील आणखी एक गोष्ट येथे उपयोगी आहे. पाणिनीय व्याकरणात ऱ्हस्व अकार प्रक्रियेपुरता विवृत मानलेला आहे, आणि ग्रंथाच्या शेवटी तो प्रत्यक्ष प्रयोगात संवृत असल्याचे सांगून व्यवहार पूर्ववत् केलेला आहे. व्यवस्थेच्या सोयीसाठी मानलेले मूल्य आणि कानाला येणारे मूल्य ही दोन वेगळी असू शकतात, आणि ती वेगळी आहेत हे ग्रंथकाराने सांगितले पाहिजे, ही त्यातील शिस्त होय. मॉड्यूलमधील 'बंद' आणि कानाला येणारे 'बंद' ह्यांविषयी सूचनापत्रे नेमकी हीच शिस्त पाळीत नाहीत.

तबल्याची परिभाषाही येथे दूर नाही. बोल खुले आणि बंद असे ओळखले जातात, आणि बाजांचाही तसा भेद केला जातो. परंतु तबल्याच्या शिक्षणात हे शब्द प्रायः नादाला आणि तो काढण्याच्या रीतीला लावलेले असतात. डग्ग्यावरील 'घे' वाजविताना मनगटाच्या दाबाने नाद चढतो-उतरतो. ह्या चढउताराला निराळे अक्षर नाही. तो त्याच बोलाचा गुण म्हणून गुरुमुखातून शिकविला जातो. पदे थोडी, गुण अनेक, ही व्यवस्था मराठी वादकाला नवी नाही. सूचनापत्राने तिचा आधार घ्यावयास हवा.

उभारणीच्या क्रमाकडे ह्या दृष्टीने पाहिले असता तो अधिक सुबोध होतो. आधी यंत्र, मग संकेत. स्टँडचे पाय घट्ट बसवून ते न सरकणाऱ्या सतरंजीवर किंवा चटईवर ठेवणे, स्प्रिंगचा ताण पायाला साजेसा करणे, पॅड दांड्याभोवती फिरणार नाही ह्याची व्यवस्था करणे, ही यांत्रिक कामे प्रथम संपवावयाची. पॅड फिरू लागले तर केबल पिळवटते आणि आघाताची नेमलेली जागा वादकाच्या समोरून सरकते. येथे धातूच्या वाद्याची एक सवय सोडावी लागते. दोन झांजांमध्ये हवा कोंडून नाद दबू नये म्हणून खालची झांज तेथे स्क्रूने किंचित तिरपी करतात. इलेक्ट्रॉनिक पॅडमध्ये हवा कोंडण्याचा प्रश्न नाही. उलट वरचे पॅड संवेदकावर सर्व बाजूंनी सारखे टेकणे आवश्यक असेल तेथे हाच तिरपेपणा वाचन बिघडवितो. हे झाल्यानंतरच शून्यस्थिती शिकवावयाची. पुढे क्लच कधीही हलविला तर ती पुन्हा शिकवावयाची. कारण क्लच हलविणे म्हणजे केलेला करार मोडणे होय.

ज्या संचांत दोन पॅडे नसून भिंतीसारखे स्थिर एकच पॅड आणि वेगळे पेडल असते, तेथे दुसऱ्या क्रमांकाची स्थिती, म्हणजे पॅडांतील फट, अस्तित्वातच नसते. रोलंडचे एफडी-८ हे पेडल ह्या जातीचे. स्वस्तपणा व सुटसुटीतपणा हे ह्या रचनेचे गुण आहेत. तथापि अशा वाद्याच्या सूचनापत्रात 'हाय-हॅट उघडा' असे लिहिणे म्हणजे नसलेल्या वस्तूला क्रिया सांगणे होय. तेथे 'पाय सैल सोडा' एवढेच खरे. २००४ साली टीडी-२० ह्या मॉड्यूलबरोबर रोलंडने नेहमीच्या स्टँडवर बसणारे दोन पॅडांचे व्हीएच-१२ आणले, तेव्हा ही हरवलेली स्थिती परत आली. पुढे व्हीएच-१४डी सारख्या हाय-हॅटमध्ये मॉड्यूलशी डिजिटल जोडणीही झाली. मोजणी जितकी सूक्ष्म होईल तितकी शब्दांची गरज संपेल, असा युक्तिवाद कोणी करील. तो टिकणारा नाही. मोजणी सूक्ष्म झाली म्हणून करार नाहीसा होत नाही. तो केवळ अधिक बारीक अक्षरांत लिहिला जातो.

निगेच्या प्रकरणांत सूचनापत्रांचा दोष वेगळा आहे. तेथे सर्व उपाय एका पंक्तीत बसविलेले असतात आणि कोणता उपाय कोणत्या पातळीचा हे कळत नाही. वर सांगितलेल्या चार स्थिती क्रमाने तपासल्या तर बहुतेक दोषांचे स्थान सापडते. पायाकडे पाहावे : पेडल अडखळते काय, स्प्रिंग सैल झाली काय. फटीकडे पाहावे : क्लच घसरला काय, फेल्ट दबून पातळ झाले काय. वाचनाकडे पाहावे : पेडल सावकाश दाबीत गेले असता पडद्यावरील खूण सलग सरकते की उड्या मारते. उड्या मारीत असेल तर संवेदकाची झीज, धूळ किंवा केबलचा सैल जोड ह्यांचा संशय घ्यावा. रबरी दट्ट्या संवेदकपट्टीवर दाबला जातो अशा पेडलांत त्या दट्ट्याचीही झीज होते. वाचन सलग असूनही नाद चुकत असेल, तरच मॉड्यूलमधील नेमणुकीकडे वळावे. पॅडचा मध्यभाग वाजतो पण कड वाजत नाही, ही तक्रार पुष्कळदा पॅडची नसतेच. दोन जागांच्या नोंदी नेणाऱ्या स्टीरिओ केबलच्या जागी साधी मोनो केबल लावलेली असते. रबर मऊ कोरड्या, फार तर किंचित ओलसर फडक्याने पुसावे; थिनर, बेंझिन किंवा मद्यार्क त्याला लावू नये. प्रवासात वरचे पॅड संवेदकावर दाबलेल्या अवस्थेत बांधून ठेवू नये. ह्या सूचना साध्या आहेत. परंतु क्रमाशिवाय त्या निरुपयोगी होतात.

महाराष्ट्रात ह्या प्रश्नाला व्यावहारिक निकड आहे. गाण्यांचे ऑर्केस्ट्रा, बँजो पार्ट्या आणि उत्सवांतील कार्यक्रम ह्यांतून ऑक्टापॅड हे वाद्य घरोघरी माहीत झालेले आहे आणि त्याचे नाव मराठीत पूर्णपणे रुळलेले आहे. तेथे उघडे आणि बंद हाय-हॅट हे बहुधा दोन वेगळ्या चौकटींवर नेमलेले असतात. म्हणजे वादकाची पहिली ओळख द्विपदी व्यवस्थेशीच होते. २०१० सालच्या एसपीडी-३० सारख्या ऑक्टापॅडला हाय-हॅटचे पेडलही जोडता येते. ज्या दिवशी हा वादक दोन चौकटी सोडून पेडलकडे वळतो, त्या दिवशी त्याला दोन पदांतून अखंड पट्ट्यात प्रवेश करावयाचा असतो. ह्या प्रवेशद्वारावर त्याच्या भाषेतील एखादे पान त्याला मिळावे, ही अपेक्षा वाजवीपेक्षा अधिक नाही.

त्या पानासाठी नवे अवघड शब्द घडविण्याचे कारण नाही. ईषद्विवृत हा शब्द विचाराला साहाय्य करील, ऑर्केस्ट्रातील वादकाच्या हाती द्यावयाचा नव्हे. बोलभाषेतील शब्द पुरेसे आहेत. त्यांची वाटणी मात्र काटेकोर हवी. पायाला 'दाबलेला' आणि 'सैल'. पॅडांना 'टेकलेली' आणि 'सुटलेली'. मॉड्यूलच्या मोजणीला 'वाचन' आणि त्याचा आकडा. नादाला 'आखूड', 'सळसळता' आणि 'मोकळा'. 'उघडे' व 'बंद' हे शब्द केवळ मॉड्यूलवर छापलेल्या नावांपुरते राखावेत. एवढी वाटणी पाळली तर 'पाय सैल ठेवा, पॅड आपल्या भाराने टेकू द्या, वाचन शून्यावर आणा, मग वाजवून नाद आखूड येतो का पाहा' असे वाक्य लिहिता येते. आणि त्यात चारही स्थिती वेगळ्या ओळखू येतात.

सूचनापर गद्याची कसोटी त्याच्या डौलात नाही, वाचणाऱ्याला पुढच्या कृतीविषयी दोन अर्थ सुचतात की एकच, ह्यात आहे. इलेक्ट्रॉनिक हाय-हॅटच्या उपलब्ध सूचनापत्रांचे आकृतिलेखन पुष्कळदा स्पष्ट असते, आणि शब्द कमी पडतात तेथे आकृती सावरून घेते, हे त्यांच्या बाजूने मान्य केले पाहिजे. तथापि पायाचा भार आकृतीत काढता येत नाही. तो शब्दानेच सांगावा लागतो, आणि तेथेच ही सूचनापत्रे वाचकाला एकटे सोडतात.